पावसाळ्यात पिंजऱ्यातली झाडे का जातात: घोडबंदर रोडवरील एका शॅमेलिऑनच्या घराचा अभ्यास

ठाण्यात घोडबंदर रोडवरील एका गृहसंकुलात, अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाकडे व्हेल्ड जातीचा एक प्रौढ नर शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आहे. त्याचा पिंजरा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच असून त्याला सर्व बाजूंनी ॲल्युमिनियमची जाळी आहे. आत मनी प्लांट, शेफलेरा, फायकस बेंजामिना, जास्वंद आणि स्पायडर प्लांट ही झाडे कुंड्यांत ठेवलेली होती. मे महिन्यापर्यंत ती बऱ्यापैकी तग धरून होती. जून उलटला तशी ती एकामागून एक पिवळी पडू लागली आणि ऑगस्ट संपेपर्यंत मनी प्लांटच्या दोन वेली वगळता सगळी गेली किंवा मरणपंथाला लागली. मधल्या काळात नर्सरीतून आणलेली नवी झाडेही त्याच वाटेने गेली. प्राणी मात्र नीट खात होता, त्याचे डोळे टपोरे होते आणि वजन स्थिर होते. म्हणजे प्रश्न फक्त झाडांचा होता, आणि तो सोडवताना प्राण्याच्या पाण्याला, उष्णतेला किंवा खाण्याला धक्का लागू द्यायचा नव्हता. घरातील झाडांच्या देखभालीचे काम करणारा म्हणून मला हे प्रकरण पाहण्यास सांगण्यात आले.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे रानात सापडणारा भारतीय शॅमेलिऑन हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून तो पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे. येथील प्राणी त्या जातीचा नाही. व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाचा. तो साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. या अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. या कुटुंबाने ती केलेली होती.

झाडे मेली तर प्लास्टिकची लावता येतील, असा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी बोलून दाखवला होता, आणि तो अगदीच गैर नाही. परंतु शॅमेलिऑन वाटीत साठलेल्या पाण्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब चाटून तो तहान भागवतो. पान हेच त्याचे पाण्याचे भांडे आहे. शिवाय लपण्याची आडोशाची जागा, झोपण्याची फांदी आणि पानांमधून झिरपणारा सौम्य ओलावा या गोष्टी जिवंत झाडापासून एकत्र मिळतात. व्हेल्ड जातीचे वैशिष्ट्य असे की ती किड्यांबरोबर पालाही खाते. प्लास्टिकचे पान चावून गिळल्यास आतड्यात अडकण्याची भीती असते, आणि खऱ्या पानावर जे काही बसलेले असेल ते सगळे या प्राण्याच्या पोटात जाते. या शेवटच्या मुद्द्यामुळे पुढचे बरेचसे निर्णय ठरले.

घरी गेल्यावर आधीचे उपाय ऐकून घेतले. पहिल्यांदा झाडे गेली तेव्हा नर्सरीची झाडेच कमजोर असावीत असे समजून ती बदलण्यात आली. दुसऱ्यांदा नर्सरीवाल्याने घरातील आईंना सांगितले, “ताई, पाणी कमी करा, दुसरं काही नाही.” त्याप्रमाणे त्यांनी कुंड्यांना झारीने पाणी घालणे पूर्ण थांबवले, तरीही फरक पडला नाही. तिसऱ्या वेळी पिवळी पाने म्हणजे अन्न कमी पडत असणार, असा तर्क करून विद्राव्य रासायनिक खत दिले गेले, आणि त्यानंतर राहिलेली झाडे अधिकच वेगाने गेली. नर्सरीवाल्याचे निदान चुकीचे नव्हते. ते अपुरे होते. पाणी जास्त होत होते हे खरे, परंतु ते झारीतून येत नव्हते.

एक कुंडी उलटी करून मुळे पाहिल्यावर गोष्ट उघड झाली. मुळे तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती, बोटाने ओढताच साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरत होता आणि मातीला तुंबलेल्या गटाराचा वास येत होता. ही मुळकूज होती. नर्सरीतून येणारे रोप आपल्याकडे बहुधा लाल चिकट मातीच्या गोळ्यात असते. तो गोळा तसाच ठेवून भोवती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरले होते, आणि कुंडी एका बिनभोकाच्या शोभेच्या कुंडीत बसवली होती. कोकोपीट पाणी धरून ठेवते, चिकट माती ते सोडत नाही आणि बाहेरची कुंडी उरलेसुरले पाणी खाली जाऊ देत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि येथे हवेला जागाच उरली नव्हती.

पाण्याचा स्रोत पिंजऱ्याच्या वर होता. फवारणीचे स्वयंचलित यंत्र दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे चालत होते आणि रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत धुके सोडणारे दुसरे यंत्र सुरू असे. हे वेळापत्रक कोरड्या हवेच्या देशांतील घरांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनावरून जसेच्या तसे उचलले होते. तेथे हिवाळ्यात खोल्या तापवल्यामुळे घरातील हवा फार कोरडी होते, म्हणून रात्रभर ओलावा देण्याला अर्थ असतो. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात रात्रीची हवा मुळातच इतकी दमट असते की कपाटातील चामड्याच्या पट्ट्यांवरही बुरशी चढते. अशा हवेत धुके सोडल्याने आर्द्रता फारशी वाढत नाही. ते पाणी पानांवर आणि कुंडीत साचते, एवढेच.

मात्र पाणी कमी केले म्हणजे प्रकरण मिटले असते, असे मला वाटत नाही. हेच वेळापत्रक मे महिन्यात चालू असताना झाडे जगली होती. मग जूनमध्ये काय बदलले? झाड मुळांतून घेतलेले बहुतेक पाणी पानांच्या रंध्रांतून बाहेर टाकते. हा वेग प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असतो: पानावर पडणारा प्रकाश आणि भोवतालच्या हवेचा कोरडेपणा. मे महिन्यात हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या, पश्चिमेचे ऊन फरशीवर उतरत होते आणि पंखा दिवसभर चालत होता. पावसाला सुरुवात झाल्यावर वाऱ्याबरोबर आत येणाऱ्या झडीमुळे खिडक्या बंद राहू लागल्या, आकाश आठवडेच्या आठवडे भरून आले आणि पिंजरा ज्या कोपऱ्यात होता तेथे दुपारीही दिवा लावावा लागे. मोबाइलवरील प्रकाशमापकाने केलेली मोजणी अंदाजेच असते, तरीही खालच्या कुंड्यांजवळ ती काही शे लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) एवढीच भरली. ढगाळ दिवशीसुद्धा उघड्यावर हजारो लक्स प्रकाश असतो. अंधुक प्रकाश आणि ओली हवा यांमुळे झाडांचे पाणी पिणेच जवळजवळ थांबले होते. पाणी देणे मात्र पूर्वीइतकेच चालू राहिले.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करावा लागेल. पिंजऱ्यावर अतिनील किरणांची एक ट्यूब आणि ऊब घेण्यासाठी एक बल्ब होता, आणि “दिवे तर दिवसाचे बारा तास चालू असतात,” असे घरच्यांचे म्हणणे होते. अतिनील ब किरण प्राण्याला ड जीवनसत्त्व तयार करण्यासाठी लागतात. झाडाच्या अन्ननिर्मितीला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश हवा असतो. त्या ट्यूबमधून दिसणारा प्रकाश येतो खरा, पण तो थोडा असतो. त्यातील काही भाग जाळी अडवते आणि अंतर वाढत जाईल तसा उरलेलाही झपाट्याने क्षीण होतो. बल्बची बहुतांश ऊर्जा उष्णतेत जाते. थोडक्यात, चार फूट खोल पिंजऱ्याच्या तळाशी ठेवलेले झाड बारा तास दिवा चालू असूनही सावलीतच होते.

पानांवरच्या खुणा वेगवेगळ्या कारणांच्या होत्या आणि त्या एकत्र मोजल्यामुळे गोंधळ वाढला होता. शेफलेराच्या वरच्या पानांवर कोरडे, स्पष्ट कडांचे तपकिरी चट्टे होते. ते ऊब देणाऱ्या बल्बखाली जवळ गेलेल्या पानांचे भाजणे होते, आणि त्याचा मुळांशी संबंध नव्हता. फायकसची पाने हिरवीच गळत होती, कारण हे झाड जागा किंवा प्रकाश बदलला की पाने टाकून देते. ते दोनदा हलवले गेले होते. मनी प्लांटच्या पानांवर पिवळ्या कडेचे ओलसर काळे ठिपके होते, ते रात्रभर ओल्या राहणाऱ्या पानांवरील बुरशीचे किंवा जिवाणूंचे. काही पाने कडेने अर्धवर्तुळाकार कुरतडलेली होती. आईंचा संशय अळीवर होता, परंतु अशा गोल, स्वच्छ कडा बहुधा शॅमेलिऑनच्या चाव्याच्या असतात, आणि सायंकाळी मुलीने त्याला जास्वंदीचे पान तोडताना पाहिलेही. खालून वर चढत जाणारे पिवळेपण तेवढे मुळकुजीचे होते.

आणखी एक खूण सर्व पानांवर समान होती, ती म्हणजे पांढुरकी, खरखरीत पुटे. घोडबंदर पट्ट्यातील अनेक संकुलांप्रमाणे येथेही महापालिकेचे पाणी पुरत नाही, तेव्हा टँकर मागवले जातात आणि बोअरचे पाणी टाकीत मिसळले जाते. असे पाणी जड असेल तर थेंब वाळल्यावर त्यातील क्षार पानावर राहतात, प्रकाश अडवतात आणि फवारणीच्या तोट्याही बुजवतात. तेच क्षार मातीत साचले की स्पायडर प्लांटच्या पानांची टोके करपतात. खताची मात्रा दिल्यावर झाडे वेगाने का गेली याचेही उत्तर यात आहे: कुजलेल्या मुळांभोवती क्षार आणखी वाढले. आधीच साचलेल्या कुंडीला खत घालणे म्हणजे अजीर्ण झालेल्याला पुरणपोळी वाढणे होते.

उपाय ठरवताना क्रम महत्त्वाचा होता. सर्वप्रथम प्रकाश वाढवला, कारण तो वाढल्याशिवाय पाण्याचे कोणतेही प्रमाण योग्य ठरणार नव्हते. पिंजऱ्याच्या छतावर अतिनील ट्यूबच्या शेजारी ६५०० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या एलईडी बार बसवल्या. झाडांसाठी विकले जाणारे जांभळे दिवे टाळले. त्या रंगात प्राण्याची त्वचा आणि डोळे नीट पाहता येत नाहीत, आणि शॅमेलिऑनच्या बाबतीत त्वचेच्या रंगावरूनच अर्धी तब्येत कळते. दिवे बारा तासांच्या टायमरवर ठेवले. ऊब घेण्याची फांदी तशीच ठेवली, पण शेफलेरा बल्बच्या झोतातून बाजूला सरकवला. त्या फांदीवरील तापमान पूर्वीप्रमाणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते का, हे दिवे बसवल्यानंतर पुन्हा तपासले.

नंतर माती बदलली. नवीन रोपांच्या मुळांवरची लाल माती पाण्यात बुडवून, हलक्या हाताने पूर्ण धुऊन काढली. भरणासाठी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळशाचे खडे, विटांचे तुकडे आणि जेमतेम मूठभर गांडूळखत एवढेच घेतले. ऑर्किड विकणाऱ्यांकडे यातील बहुतेक वस्तू मिळतात. पर्लाइटचे पांढरे दाणे मुद्दाम वगळले, कारण मातीवर बसलेल्या किड्यावर जीभ टाकताना असे दाणे तोंडात जाऊ शकतात. हळू विरघळणाऱ्या खताच्या गोळ्यांनाही त्याच कारणासाठी मनाई केली. वरून प्राण्याच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत नदीतले गोटे पसरले. शोभेच्या कुंड्या काढून टाकल्या आणि भोकाच्या कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या, जेणेकरून खालून पाणी निथळून ट्रेमध्ये जाईल. हा ट्रे दररोज रिकामा करणे बंधनकारक आहे. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी साचलेले पाणी तपासत फिरतात ते डेंग्यूच्या डासांसाठी, आणि पिंजऱ्याखालचा ट्रे ही त्यांच्या दृष्टीने फ्रिजच्या मागच्या ट्रेइतकीच संशयास्पद जागा आहे.

या प्रकरणातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला बदल मात्र साधा होता. प्राण्याचे पिण्याचे पाणी आणि झाडाच्या मुळांचे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करून त्या प्रत्यक्षात वेगळ्या केल्या. खोडाभोवती बसेल अशी मधोमध छेद दिलेली जाड प्लास्टिकची चकती प्रत्येक कुंडीवर किंचित उतरती बसवली आणि गोटे तिच्यावर मांडले. फवाऱ्याचे पाणी पानांवर पडते, शॅमेलिऑन ते चाटतो, उरलेले चकतीवरून घसरून ट्रेमध्ये जाते. मुळांना पाणी आता फक्त झारीने, कुंडी उचलून वजन हलके लागल्यावरच दिले जाते.

फवारणीचे वेळापत्रक हवामानानुसार बदलले. पावसाळ्यात धुक्याचे यंत्र पूर्ण बंद ठेवले. पहाटे दिवे लागण्याच्या थोडे आधी एक आणि दुपारी एक अशा दोनच फवारण्या ठेवल्या, आणि दोहोंच्या मध्ये पाने पूर्ण वाळली पाहिजेत अशी अट घातली. त्यासाठी खोलीतला पंखा चालू ठेवला, पण झोत पिंजऱ्यावर येणार नाही अशा बेताने. प्राण्याला पाणी कमी पडते की काय, ही मुलीची काळजी रास्त होती. त्याची खूण त्याच्या विष्ठेतच असते: विष्ठेसोबत येणारा घट्ट भाग पांढरा असेल तर पाणी पुरेसे आहे, पिवळसर किंवा नारिंगी झाला तर कमी पडते आहे. पुढच्या आठवड्यांत तो पांढराच राहिला. तरी खबरदारी म्हणून मनी प्लांटवर थेंब थेंब पाणी सोडणारी एक बाटली दुपारी थोडा वेळ लावली जाते, आणि त्याला ती यंत्राच्या फवाऱ्यापेक्षा अधिक आवडते असे दिसते. फवारणीसाठी आता आरओचे शुद्ध पाणी वापरले जाते. एसीतून ठिबकणारे पाणी फुकट मिळते म्हणून वापरावे का, असे आईंनी विचारले होते. बाल्कनीतल्या तुळशीला ते चालेल, पण धातूच्या नळ्यांवरून आणि धुळीतून आलेले ते पाणी या प्राण्याच्या पिण्यात जाता कामा नये, असे मी सांगितले.

झाडांच्या निवडीबाबत थोडक्यात. डिफेनबेकिया, कण्हेर, क्रोटन आणि चीक असलेली निवडुंगवर्गीय झाडे पाला खाणाऱ्या शॅमेलिऑनजवळ ठेवू नयेत. मनी प्लांटमध्येही तोंडाची आग करणारे ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, तरीही तो जगभर या पिंजऱ्यांत वापरला जातो. तो खाण्यापेक्षा पाणी धरण्यासाठी आहे असे समजून, खाण्यासाठी जास्वंद जवळ ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. जास्वंदीची पाने आणि फुले दोन्ही त्याला चालतात.

पण जास्वंद हे उन्हाचे झाड आहे आणि कोणत्याही एलईडीखाली ते घरात कायमचे खूश राहत नाही. म्हणून जास्वंदीच्या दोन कुंड्या ठेवून एक पिंजऱ्यात आणि एक बाल्कनीत, अशी आलटून पालटून व्यवस्था केली. ठाण्यात या व्यवस्थेला तीन अडचणी येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. बाल्कनीत कबुतरे बसतात आणि त्यांची विष्ठा पानांवर पडते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण हमखास येतो. आणि पावसाळ्यात डासांसाठी संकुलात धूर फवारणी होते. त्यातील कीटकनाशक बाल्कनीतल्या पानांवर बसते. आठवड्याभराने तीच कुंडी पिंजऱ्यात गेली तर जे पान प्राण्याचे भांडेही आहे आणि अन्नही, त्यावरून ते थेट त्याच्या पोटात जाईल. यावर ठरलेला नियम असा की बाल्कनीतल्या कुंडीवर कबुतरांसाठी जाळी असावी, फवारणीची सूचना लागली की कुंडी बाथरूममध्ये न्यावी, आणि आत येण्याआधी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून धुवावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास तो ओल्या कापसाने पुसून काढावा. कडुनिंबाचे तेलही पिंजऱ्यात जाणाऱ्या पानावर फवारू नये. नर्सरीतून आणलेल्या रोपाची गोष्ट याहून अवघड आहे. तेथे वापरली जाणारी काही कीटकनाशके मुळांतून शोषली जाऊन पानांच्या आत राहतात आणि धुतल्याने जात नाहीत. म्हणून नवे रोप काही महिने वेगळे वाढवावे आणि जुनी पाने छाटून, नवी फुटलेलीच पाने घेऊन ते आत न्यावे. यात वेळ जातो, आणि बाजारातून आणून त्याच दिवशी सजवण्याची घाई असणाऱ्यांना हे पटत नाही. या घरात मनी प्लांटच्या वाचलेल्या दोन वेलींची कलमे करून त्यांपासूनच बहुतेक पिंजरा भरला, तेव्हा नर्सरीचा प्रश्नच कमी झाला.

सप्टेंबरअखेर मनी प्लांटला प्रत्येक डोळ्यातून नवा फुटवा होता आणि शेफलेराने वर नवी छत्री काढली होती. फायकस अजूनही रोज दोनचार पाने टाकत होता. तो एका जागी ठेवून वाट पाहण्याखेरीज दुसरा उपाय नाही. चकत्यांखाली खाद्यातले सुटलेले रातकिडे लपतात आणि ओल्या मातीत अंडी घालतात, ही नवी अडचण मात्र बदलांमुळेच उद्भवली. ती टाळण्यासाठी खाद्याचे किडे आता पिंजऱ्यात मोकळे न सोडता फांदीला टांगलेल्या खोलगट डब्यात दिले जातात.

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाल्यावर दुपारची फवारणी थोडी वाढवण्यात आली. नोव्हेंबरनंतर रात्रीची हवा कोरडी होऊ लागेल तेव्हा धुक्याचे यंत्र पुन्हा लावावे लागेल, पण रात्रभर नव्हे, केवळ पहाटेचे काही तास. आर्द्रतामापक आता पिंजऱ्याच्या मधल्या फांदीजवळ टांगलेला आहे आणि मुलीने त्याच्या आकड्यांची वही ठेवली आहे. यंत्र सुरू करण्याचा महिना कॅलेंडरवरून न ठरवता त्या वहीवरून ठरवायचा, असे आमचे बोलणे झाले आहे.